दळवींचा ताणकाटा

ईरा, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आजी, घाबरू नकोस हं, पण मी पिस्तूल घेतलंय." मी घाबरले नाही. तुझं काम जनावरांच्या दवाखान्याचं, टेक्ससमधल्या लांबलांबच्या गोठ्यांवर एकटीनं गाडी चालवत जायचं. तिथे काय जवळ बाळगावं ते तुला कळतं. पण मग तू पुढचा प्रश्न विचारलास. दुकानदार म्हणतो, ट्रिगर जरा हलका करून देतो, नेम चांगला लागेल, सगळेच करून घेतात. "आजी, करू का?"

जन्मभर हॉस्पिटलात पेशंटांच्या फायली लावलेल्या बाईला हा प्रश्न! तुझा भाऊ ओजस तर मागून हसलाच. मी म्हटलं, लिहून कळवते. उत्तर मला माहीत आहे, पण ते दळवींकडून आलेलं आहे, आणि दळवी कोण हे कळल्याशिवाय ते तुला पटायचं नाही. ओजस, तूही वाच. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर दळवी आमचे शेजारी होते. ईरा, तू जन्मलीस त्याच वर्षी आम्ही तिथे राहायला आलो. तुझे बाबा तेव्हा चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेच्या कॉम्प्युटरांवर काम करायचे, आणि मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड्सचा विभाग सांभाळत होते. त्या दिवसांत ब्लॉकमध्ये मराठी माणूस भेटला, की तो बहुधा पुण्याचा इंजिनिअर असायचा, गळ्यात ऑफिसचं कार्ड. दळवी तसे नव्हते. त्यांचे वडील फौजेबरोबर खडकीहून आलेले, बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. दळवी सिंगापुरातच जन्मले, आणि त्यांचं मराठी वडिलांच्या वेळचं होतं, जसंच्या तसं राखलेलं. एमआरटीला ते आगगाडी म्हणत. वजन सांगायचं तर रत्तलात. रत्तल म्हणजे पौंड, ईरा. आणि काही बिघडलं, की त्याच शुद्ध मराठीच्या मध्येच एक मलाय "अलामाक!" निघायचं.

कामही वडिलांचंच. बँकांना, विमानतळाला हत्यारी पहारेकरी पुरवणारी एक संस्था होती. तिच्या शस्त्रागारात ते रिव्हॉल्वर तपासायचे, साफ करायचे, दुरुस्त करायचे. माणूस बारीक, काळासावळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. खिशात पेन असावं तसा त्यांच्या खिशात एक ताणकाटा असे: पितळी नळी, आत स्प्रिंग, खाली आकडा. आकडा चापाला अडकवून ओढला, की तो सुटायला किती जोर लागतो ते नळीवरच्या रेघांवर दिसतं. हा काटा खरं तर कामाचा. पण दळवींना जगातली प्रत्येक कळ मोजायचा नाद होता. लिफ्टचं बटण, छत्रीची कळ, बसमधली घंटी. आधी बोट लावून अंदाज सांगायचा, मग काटा लावायचा. "सव्वा रत्तल." आणि काटा सव्वाच दाखवायचा. मासळीबाजारातल्या बाईनं एकदा त्यांना कोळंबीला काटा लावताना पकडलं आणि जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दळवी मात्र परत येताना खूश. म्हणाले, "वहिनी, तिचा तराजू अगदी खरा आहे हो!"

आमची ओळख झाली ती दारावरून. आमच्या फ्लॅटच्या लोखंडी जाळीच्या दाराची कडी फार जड होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले, की माझी बोटं दुखायची. दळवी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. सहा स्क्रूड्रायव्हर, फडक्यात मापाप्रमाणे गुंडाळलेले. मला माणूस तिथेच आवडला. त्यांनी कडी उघडली, पुसली, तेल घातलं, बंद केली. मी ओढून पाहिली. खरखर गेली होती, पण जड होती तशीच.

"अहो, हलकी नाही झाली."

"नाही केली."

"का?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. तू, ईरा, चौदा महिन्यांची, कडीला दोन्ही हातांनी लोंबकळत होतीस. सगळा जोर लावलास, कडी हलली नाही, आणि तू बदकन खाली बसून भोकाड पसरलंस. दाराबाहेर कॉरिडॉर, कॉरिडॉरच्या टोकाला सात मजल्यांचा जिना.

"हलकं करायला दहा मिनिटं लागतात, वहिनी," दळवी म्हणाले. "जड ठेवायला थोडा विचार लागतो."

तर असे दळवी. त्यांची बायको मी पाहिली नाही, ती आधीच गेली होती. मागे एकच मुलगी, मीना. वय पंचविसाच्या आसपास, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी, हात तर शाळकरी मुलीसारखे. बापाच्याच संस्थेत ती पहारेकरी म्हणून लागली होती, आणि तिला हत्यारी तुकडीत राहायचं होतं. गणवेशात आली, की कॉरिडॉरमधले लोक जरा सरळ उभे राहायचे. ते तिला आवडायचं, आणि का आवडू नये? मराठी तिला सगळं कळे, पण उत्तरं सिंगापुरी इंग्लिशमधून यायची. मला आंटी म्हणायची, बापाला पा.

तुम्ही दोघं बाबांच्या बदलीनं निघून गेलात, त्याच्या आदल्या दिवाळीची ही गोष्ट. मी चकल्या पाडत होते. दळवी ओट्यापाशी उभे राहून सोऱ्याला काटा कुठे लावता येईल ते बघत होते. मीना ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आली. रिव्हॉल्वर ड्यूटी संपल्यावर जमा करायचं असतं, त्यामुळे कमरेला रिकामा पट्टा. खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली.

नेमबाजीच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झाली होती. तीन आठवड्यांनी तिसरी आणि शेवटची संधी. तीही गेली, तर हत्यारी तुकडीतून नाव कमी, आणि मग कुठल्या तरी फाटकावर गाड्यांचे पास बघत उभं राहायचं.

"टू हेवी लाह, पा," ती म्हणाली. "चाप ओढता ओढता माझा हातच कापायला लागतो. यू नो हाऊ टू फिक्स. फक्त थोडा हलका. प्लीज, पा."

हे एवढं मराठी ती बोलली, यावरूनच ती किती काकुळतीला आली होती ते मला कळलं. दळवींनी सोऱ्या खाली ठेवला.

"नाही."

"नेमबाजीच्या क्लबांत, स्पर्धांत सगळे हलकाच ठेवतात!"

"स्पर्धेत. तिथे समोर कागद असतो, आणि कागदामागे मातीचा ढीग. तुझं हत्यार कमरेला असतं. तू बसमधून जातेस, बाजारातून जातेस. धावशील, पडशील, घाबरशील. घाबरलेल्या बोटाला हलकं-जड कळत नाही, मीना."

"पण नेम चुकला तर?"

"म्हणून शीक."

ती उठून गेली. आमचं दार तिनं आपटलं, पण कडी जड असल्यामुळे ते धड आपटलंही नाही. मी चकल्यांच्या कढईखालचा गॅस बंद केला आणि म्हटलं, "दळवी, पोरीशी जरा बऱ्यानं बोलायचं होतंत."

त्यांनी काटा खिशात ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं, ते मीनालाही कधी सांगितलं नव्हतं.

तरुणपणी, दुसऱ्या एका नोकरीत, एका अधिकाऱ्यानं त्यांना गळ घातली होती. माणूस चांगला, नेमबाज, स्पर्धा खेळणारा. त्याला रोजचं रिव्हॉल्वरही स्पर्धेतल्यासारखंच हलकं हवं होतं. दळवींनाही आपली कारागिरी दाखवायची हौस. त्यांनी ते इतकं सुंदर हलकं केलं, की तो म्हणाला, चाप ओढल्यासारखा वाटतच नाही. पुढे एका चोरामागे जिना उतरताना त्या अधिकाऱ्याचा पाय घसरला. पडताना माणूस मूठ आवळतो. मूठ आवळली, आणि त्या मुठीत बोट होतं. गोळी एका बंद दारातून आरपार आत गेली. आत एक चिनी म्हातारी शिलाई मशीनवर बसली होती. गोळी मशीनच्या लोखंडाला लागून थांबली. बाईला ओरखडासुद्धा आला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी वरिष्ठांना सगळं सांगितलं, त्यांनी ती नोकरी सोडायला लावली. आणि त्या बाईच्या घरी गेलो, मशीन दुरुस्त करायला. फुटलेला भाग मिळेना, म्हणून मीच घडवला. मशीन जुनं, ते पुन्हापुन्हा बिघडायचं. दर रविवारी जात होतो. ती मला भात वाढायची. विचारायची, तू कोणाचा कोण रे, इतका येतोस? मी म्हणायचो, मशीनवाला." ते ओट्यावरचं पीठ बोटानं पुसत होते. "ती जाईपर्यंत मशीनवालाच राहिलो, वहिनी. खरं सांगायचं धाडस झालं नाही."

दुसऱ्या दिवशी ते मीनाला घेऊन आमच्या कॉरिडॉरमध्ये आले. घरी बंदूक आणायला कायद्यानं बंदी, तेव्हा सराव कशावर करायचा? दळवींनी माझ्या झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली उचलली. तिचाही चाप असतोच. आतली स्प्रिंग काढून त्यांनी जाडजूड दुसरी बसवली. बाटलीच्या माथ्यावर दहा सेंटचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, "नाणं पडू न देता दाब. घाई नको. पाणी कधी उडालं ते तुझं तुलाच कळता कामा नये."

रोज संध्याकाळी अर्धा तास. नाणं खणकन पडायचं, मीना "अय्यो!" म्हणायची, दळवी उचलून परत ठेवायचे. माझ्या कढीलिंबाला त्या तीन आठवड्यांत वर्षभराचं पाणी मिळालं. डास होतात म्हणून कुंड्यांच्या ताटल्या तपासायला सरकारी माणसं येत. त्यांतला एक जण हे दृश्य बघून बराच वेळ थांबला आणि काही न लिहिता निघून गेला.

परीक्षेला आठवडा उरला होता. बाटलीवर आता नाणं पडत नव्हतं. सलग वीस वेळा नाही. पण मैदानावरच्या सरावाला जाऊन आली, की मीनाचं तोंड उतरलेलं. तिथे हात कापतोच. दळवी म्हणाले, "मन कापतं तुझं, हात नाही." तिनं नाणं बापाच्या हातावर ठेवलं आणि आत गेली. ते तिचं तसं जाणं मला बरं वाटलं नाही.

ईरा, मला बंदुकीतलं काही कळत नाही. पण फायलींतलं कळतं. पेशंट दुखतंय म्हणत असला आणि डॉक्टर नाही म्हणत असला, तर मी आधी बघायचे, तपासणीचा कागद फायलीत आहे का. तेच मी विचारलं.

"दळवी, तिचं रिव्हॉल्वर मोजलंत का तुम्ही?"

"नियमाप्रमाणे बारा रत्तलांच्या आत असतं."

"असतं ते ठीक. तुम्ही मोजलंत का?"

लिफ्टचं बटण मोजणारा माणूस, कोळंबी मोजणारा माणूस. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि काट्यावरच थांबला.

मग कळलं ते असं. मीना कामाला लागली, त्या दिवशी दळवींनी शस्त्रागारात सांगून ठेवलं होतं, की माझ्या मुलीच्या हत्याराला मी हात लावणार नाही. कोणी म्हणायला नको, बापानं पोरीला झुकतं माप दिलं. ते काम त्यांच्या हाताखालच्या रहमानकडे दिलं होतं. आणि रहमानला त्यांनी वर बजावलं होतं: ती चापाबद्दल तक्रार घेऊन आली, तर अजिबात ऐकायचं नाही. रहमान बिचारा त्यांना गुरू मानणारा. मीना दोनदा त्याच्याकडे गेली, आणि दोन्ही वेळा त्यानं सांगितलं, "तुझ्या पा-ला विचार." पा-ला विचारलं, तर पा म्हणायचे, शीक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दळवी आले ते दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"पंधराला थोडं कमी," ते म्हणाले. "आत जुनं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. आणि एका पट्टीला बारीकशी धार आली होती, ती घासत होती. किती महिने, कोण जाणे. धडधाकट गड्याचा हात कापला असता, वहिनी. ती लहानशी पोर. आणि मी तिला म्हणालो, मन कापतं तुझं." शर्टाची वरची गुंडी त्यांनी सोडली, पुन्हा लावली. "परक्याची पोर असती, तर पहिल्याच दिवशी मोजलं असतं."

मी म्हटलं, "हे मला काय सांगताय? तिला सांगा."

सांगितलं त्यांनी, पण आपल्या पद्धतीनं. रीतसर वरिष्ठांची परवानगी घेतली, रहमानकडून रिव्हॉल्वर उघडून साफ करवलं, पट्टी बदलवली. स्वतः हात लावलाच नाही. मग मीनाला शस्त्रागारात बोलावलं आणि खिशातला काटा काढून तिच्या हातात दिला. हे मला मीनानं सांगितलं. म्हणाली, "आंटी, तो काटा पा कोणाला टच करू देत नाही, यू नो. मला म्हणाला, आता तू मोज. मी मोजलं. साडेअकरा. मग म्हणाला, सॉरी. पा-नं मला सॉरी म्हटलं, आंटी! रहमानच्या समोर!"

हलकं नव्हे. जेवढं असायला हवं तेवढं. परीक्षेत ती पास झाली. पहिली नाही आली, पन्नासात कितवी तरी आली, पण पास झाली. त्या संध्याकाळी दळवींनी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना चहा दिला आणि मीनाच्या नेमाचा कागद दाखवला. भोकं मध्याच्या जरा डावीकडे होती. "हे काय हो?" मी म्हटलं. "ते शिकेल," दळवी म्हणाले. काटा मीनानं परत दिला, तर घेतला नाही.

तर ईरा, तुझ्या दुकानदाराला काय सांगायचं? एकदा मी दळवींना हेच विचारलं होतं, की इतके लोक हलकं करून मागतात, ते सगळे काय वेडे? ते म्हणाले, वेडे नाहीत, नेम खरंच सुधारतो. पण जवळ बाळगायच्या हत्यारात दोन भीती असतात. नको तेव्हा सुटायची, आणि हवं तेव्हा न सुटायची. स्प्रिंग फार हलकी केली, तर घोडा काडतुसावर हळू पडतो आणि बार उडतच नाही. म्हणजे एकाच दुरुस्तीनं दोन्ही भीती वाढल्या. त्यापेक्षा आधी मोजावं. नियमापेक्षा जड असेल, तर साफ करून घ्यावं. नियमात असेल, तर बोटाला शिकवावं. पिस्तूल ज्यांनी घडवलं, त्यांनी तो जोर काही विचार करूनच ठेवलेला असतो. तू मोजलंस का, ते मला कळव.

तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी दळवींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू. नोव्हेनाला आमच्याच हॉस्पिटलात होते, त्यामुळे त्यांची फाईल मी स्वतः लावली. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, हात नाही. घरी आल्यावर मीना ड्यूटीआधी त्यांना कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं दाबायला रबरी चेंडू दिला होता. दळवी त्याकडे बघतसुद्धा नसत. म्हणून मी माझी ती फवाऱ्याची बाटली, जाड स्प्रिंगसकट, त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोट चापावर नेलं. मिनिटभर नुसतं बोट थरथरत राहिलं. पाणी आलं नाही. रोज तेच. रोज ते बाटली मांडीवर घेत, आणि कढीलिंब कोरडाच.

माझी बहीण पुण्याला आजारी होती, म्हणून मी निघाले होते. टॅक्सी खाली आलेली. निरोप घ्यायला बाहेर आले, तर मीना गणवेशात बापापाशी उकिडवी बसली होती. दळवींनी बाटली धरली, बोट हळूहळू आत गेलं, आणि कढीलिंबावर पाण्याचा बारीक शिडकावा झाला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात दळवींनी बाटली खाली घेतली. पुन्हा एकदा, फक्त बोटानं, चाप अजमावला.

"दोन रत्तल," ते म्हणाले. शब्द जरा जड येत होते. "स्प्रिंग बदललीस."

मीनाचं तोंड चोरी पकडल्यासारखं झालं. "पा, मी..."

"मोजलंस?"

तिनं गणवेशाच्या खिशातून तो पितळी काटा काढून दाखवला. "दोन. एक्झॅक्टली दोन."

दळवी काट्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. डाव्या हातानं त्यांनी तिची टोपी सरळ केली.

"झाडाला चालतं," ते म्हणाले.

आणि बाटली उचलून पुन्हा दाबली. मी लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा तो बारीक फस्स-फस्स आवाज चालूच होता. मी परत आले, तोवर ते गेले होते. कढीलिंब मात्र ओला होता.